एप्कॉटमधला शेवटचा दिवस : आम्ही दोघंच, मुलं बरोबर नाहीत

सोनटक्का

मंडळी, फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डबद्दल मराठीत काही शोधायला गेलं की सगळं लेकराबाळांचंच हाती लागतं. कुठल्या राइडला किती उंची लागते, बाबागाडी कुठं मिळते, राजकन्येबरोबर फोटो कुठं काढायचा. आम्ही दोघंच गेलेलो. मी पंचावन्नची, हे साठीचे. तिकिटं काढल्यापासून निघेपर्यंत भावकीत आणि गल्लीत सगळ्यांनी एकच विचारलं, "मुलं नाहीत बरोबर, मग तुम्ही तिथं करणार काय?" त्याचं उत्तर द्यावं म्हणून धागा काढतेय. सगळी ट्रिप लिहीत बसत नाही. शेवटचा दिवस लिहिते, कारण तो पूर्ण आमचा होता.

आधी थोडं सांगायला हवं. आम्ही कोल्हापूरचे. यांचं उद्यमनगरात मशिन शॉप आहे, पंपांच्या कास्टिंगचं मशिनिंग होतं. माझं माहेर गुजरीतलं, म्हणजे सराफ पेठेतलं, वडील सोनार. घरात कोल्हापुरी साजाची, म्हणजे गळ्यातल्या दागिन्याची, पानं ठोकली जाताना बघत मी मोठी झाले. म्हणजे दोघांनाही वस्तू दिसली की ती केली कशी हे बघायची सवय. आधीच्या दिवसांत आम्ही बाकीच्यांसारखे मोबाईलवर वेळा बघत, रांगा धरत पळत होतो. शेवटच्या दिवशी मात्र ठरवलं की नवीन काही बघायचं नाही. आवडलेल्या ठिकाणीच परत जायचं, आणि सावकाश.

रात्रीचं विमान होतं, दुबईमार्गे. अकराच्या आत खोली सोडायची असते, पण बॅगा हॉटेलवाले सांभाळतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत. आम्ही सकाळीच बॅगा देऊन टाकल्या, पावती घेतली आणि मोकळे झालो.

हॉटेलजवळून एप्कॉटला, म्हणजे डिस्ने वर्ल्डमधल्याच एका बागेला, रोपवे जातो. त्याला स्कायलायनर म्हणतात, २०१९ मध्ये सुरू झाला. मध्ये एकदा बदलावा लागतो. पहिल्या दिवसापासून यांचा जीव त्या स्टेशनात अडकलेला, म्हणून तिथं जरा वेळ उभे राहिलो. दोर एकदाही थांबत नाही. डबा स्टेशनात शिरला की त्याची पकड दोरावरून सुटते, डबा टायरांच्या रांगेवर येतो आणि हळू होतो. माणसं चढली की पुन्हा टायरच त्याला दोराच्या वेगापर्यंत नेतात आणि पकड परत बसते. हे मला बोटानं दाखवत होते. "बघ, आता सुटली. आता बसली." डबे येत होते, जात होते. पंचवीस वर्षांत मी यांच्या शॉपमध्ये जेवणाचा डबा द्यायला किती वेळा गेले असेन, पण असं शेजारी उभं करून मशिन समजावून सांगायला यांना तिथं सवड कधी मिळाली?

रोपवे एप्कॉटच्या मागच्या दारात सोडतो, फ्रान्स आणि इंग्लंड यांच्या मधोमध. वेगवेगळ्या देशांच्या नकला उभारलेला हा भाग साधारण अकराला उघडतो, म्हणून सकाळी सरळ पुढं चालत गेलो, मोठ्या गोलाकडं. स्पेसशिप अर्थ त्याचं नाव. १८० फूट उंच, एप्कॉट १९८२ ला सुरू झालं तेव्हापासूनचा. त्याच्या अंगावर ११,३२४ त्रिकोणी पत्रे आहेत. पत्रे म्हणजे दोन बाजूंना ॲल्युमिनियम आणि मध्ये प्लास्टिक. एवढ्या मोठ्या गोळ्यावर पाऊस पडला तर खाली उभ्या माणसांवर धारा लागायला हव्यात. लागत नाहीत. पत्र्यांच्या मधल्या फटींतून पाणी आत जातं, आत पन्हळ आहे, तिथून ते मागच्या तळ्यात सोडलंय. आमचं नशीब असं की पंधरा मिनिटं फ्लोरिडाचा पाऊस आला आणि आम्ही बरोबर खाली. वर मान करून दोघं उभे, अंगावर थेंब नाही. हे म्हणाले, "फॅब्रिकेशन करावं तर असं."

आतली राइड म्हातारीही करू शकेल इतकी संथ आहे. गुहेतल्या चित्रांपासून, पपायरस, छापखाना करत कॉम्प्युटरपर्यंत माणूस माणसाशी कसा बोलत आला ते हलत्या पुतळ्यांतून दाखवलंय. कोल्हापूरजवळच्या कणेरी मठाचं ग्रामजीवन म्युझियम ज्यांना आवडतं त्यांना हे नक्की आवडेल. छापखान्यातला माणूस हातातला कागद बघतोय, त्याची मान किती सावकाश वळते ते मी या वेळी बघितलं. पहिल्या खेपेला मी नुसते फोटो काढत होते.

मग सोरिन, उडत चालल्यासारखं वाटायला लावणारी राइड. झोपाळ्यासारख्या बाकांच्या रांगा असतात. पट्टा लावला की अख्खी रांग वर उचलली जाते आणि समोर भलामोठा वाकलेला पडदा, पाय हवेत. आम्ही बघितलं त्या फिल्ममध्ये जगभरच्या जागा होत्या, त्यात ताजमहालही आला. गवताळ रानावरून जाताना ओल्या मातीचा वास सोडतात. ही उचलायची युक्ती एका इंजिनिअरनं घरी मेकॅनोसारख्या खेळण्याच्या पट्ट्या आणि दोरा घेऊन जुळवली होती. नातेवाइकांसाठी हे काही फार मोठं नसेल. पण ज्यानं आयुष्यभर मशिनवरचा जॉब हातात घेऊन विचार केला, त्या माणसाला हे कळल्यावर त्याचा चेहरा काय झाला ते मी बघितलंय. बाहेर आल्यावर बाकावर बसून यांनी बिलाच्या पाठीमागं त्या लीव्हरचं चित्र काढलं. ते बिल माझ्याकडं जपून ठेवलंय.

दुपारी देशांकडं वळलो. तळ्याभोवती अकरा देश, सगळा फेरा दोन किलोमीटरच्या आसपास. मेक्सिकोच्या पिरॅमिडात बाहेर भर ऊन असलं तरी आत कायम तिन्हीसांज. जपानच्या पाण्यातलं लाल तोरण. पण मला जायचं होतं मोरोक्कोत.

मोरोक्कोचा हा भाग १९८४ चा. त्यांच्या राजानं, दुसऱ्या हसननं, त्यासाठी आपले कारागीर पाठवले होते. भिंतींवर जी नक्षी आहे ती रंगवलेली नाही. चकाकीच्या रंगीत फरशा हातानं, हातोडीनं फोडून त्याचे तारे, पाकळ्या, चौकोन केलेत आणि ते तुकडे एकाला एक भिडवलेत. ही पद्धत अशी असते की तुकडे पालथे मांडत जायचे, रंगाची बाजू खाली. मागून चुना-गिलावा ओतायचा आणि वाळल्यावर उचलून भिंतीला लावायचं. म्हणजे मांडणाऱ्याला नक्षी दिसतच नाही, ती डोक्यात असावी लागते. कुठं माणूस, पक्षी, जनावर नाही. नुसती भूमिती. मी एका तारकेच्या कडेवरून बोट फिरवलं. एक कड किंचित जाड, शेजारची बारीक. मशिननं कापलं असतं तर दोन्ही सारख्या आल्या असत्या. माझे वडील साजाचं पान तयार झालं की असंच अंगठ्यानं चाचपून बघायचे. मला तिथं रडू आलं. हे काही बोलले नाहीत, पाण्याची बाटली पुढं केली.

तिथंच कट्ट्यावर बसून घरून आणलेला भडंग खाल्ला. बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी नाही. काचेची बाटली आणि दारू तेवढी नको. साडेतीनला निघालो. रात्रीची आतषबाजी राहिली, त्याचं काहीच वाटलं नाही.

तर मुलांशिवाय आम्ही हे केलं. कुणाला जायचं असेल तर विचारा, ठाऊक आहे तेवढं सांगते.

---

शाहूपुरी_तिसरी

ताई, मोरोक्कोचं वाचताना माझ्याही घशाशी आलं. माझे आजोबा चांभारगल्लीत चपला करायचे. टाका मोजायचे नाहीत, हाताला कळायचं. अकरा देशांत आपण आहोत का हो?

---

सोनटक्का

नाही. मेक्सिको, नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली, अमेरिका, जपान, मोरोक्को, फ्रान्स, इंग्लंड, कॅनडा. भारत नाही. मोरोक्कोसमोर उभं राहून मी हाच विचार करत होते की आपल्याकडं हात कमी नाहीत. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, साज आहे, गूळ आहे. कुणीतरी आपले कारागीर असे पाठवायला हवेत, आणि नुसता ताजमहाल दाखवून भागवू नये असं फार वाटलं.

---

पंचगंगाकाठ

लिहिलंय छान, पण मला मनापासून विचारायचंय. एवढा खर्च एका बागेवर? त्यात दोघांचं अख्खं हिमाचल झालं असतं, वर चारधामही. आणि तिथलं सगळं खोटंच ना. खोटा मोरोक्को, खोटा पिरॅमिड. खरं बघायला मोरोक्कोला जावं.

---

सोनटक्का

खर्च खूप आहे, ते खरंय. तिकिटाचा दर तारखेवर असतो. शाळांच्या सुट्टीत आणि नाताळात सगळ्यात महाग, एका माणसाचं एका दिवसाचं शंभर डॉलरच्या बरंच वर जातं. आम्ही वर्षानुवर्षं भिशीतून बाजूला काढलं होतं आणि हे दोघांनी ठरवून केलं.

खोट्याचं म्हणाल तर पिरॅमिड खोटा आहे. पण त्या फरशा खऱ्या आहेत, फोडणारे हात खरे होते. रोपवेची पकड खरी आहे. आम्ही तेच बघायला गेलो. हिमाचलला डोंगर देवानं केलेत, तिथं वेगळं मन घेऊन जायचं. इथं माणसानं केलेलं बघायचं.

---

जयसिंगपूरचा_ग्रीनहाउसवाला

वैनी, एप्कॉटात ती होडीतनं शेती दाखवत्यात ती बघितली न्हाई व्हय? माझा भाऊ जाऊन आलाय, व्हिडिओ दाखवलान. मातीबिगार टोमॅटो. लई भारी वाटलं. आमचा जरबेरा फुलाचा मळा कोकोपीटवर, म्हंजे नारळाच्या काथ्याच्या भुशावर हाय, त्यामुळं मला त्यातच जास्त गोडी.

---

सोनटक्का

बघितली दादा, दोनदा. शेवटच्या दिवशी वेळ बसला नाही म्हणून लिहिली नाही. लिव्हिंग विथ द लँड तिचं नाव. होडी आधी रान, वाळवंट अशा देखाव्यांतून जाते आणि मग थेट चालू ग्रीनहाउसमध्ये शिरते. केळी, फणस बघून घरचं कुणीतरी भेटल्यागत झालं. टोमॅटोचा वेल मांडवासारखा वर चढवून छत्रीसारखा पसरवलाय, खाली घड लोंबतायत. काही रोपांची मुळं नुसती हवेत आहेत आणि त्यांच्यावर खताच्या पाण्याचा फवारा बसतो. एका ठिकाणी पन्हळीतून पाण्याचा पातळ थर वाहता ठेवलाय, त्यात सॅलडची पानं. मासेही पाळलेत. तिथलं पीक तिथल्याच हॉटेलांत शिजतं. भोपळ्याला साचा लावून मिकीचा आकार देतात. तुम्हाला आणखी आतून बघायचं असेल तर पैसे भरून चालत दाखवायची वेगळी फेरी आहे, बिहाइंड द सीड्स. तुम्ही ती घ्याच.

---

जयसिंगपूरचा_ग्रीनहाउसवाला

पन्हळीतनं पातळ थर म्हंजे एनएफटी. आमच्याकडं त्याची अडचण विजेची. पंप बंद पडला की उन्हाळ्यात थोड्या येळात मुळं सुकत्यात. कोकोपीट तेवढं पाणी धरून ठेवतंय, म्हणून आम्ही त्यावर. मुळं हवेत ठेवायचं तर आनिक अवघड, फवारा थांबलाच नाय पायजे. तिथं जनरेटरची सोय कशी असंल ते बघायला मला जायाचंय. पासपोर्ट काढतो आता.

---

उद्यमनगर_टर्नर

साहेबांना आमचा नमस्कार सांगा. सुटणाऱ्या पकडीचं वाचून बरं वाटलं. एकच विचारायचंय. रोलर कोस्टरच्या चाकांचं काही बघायला मिळालं का? उलटं होताना डबा रुळावरून सुटत कसा नाही, हे पोरगं रोज विचारतंय.

---

सोनटक्का

यांना शेजारी बसवून लिहितेय. प्रत्येक ठिकाणी तीन प्रकारची चाकं असतात. एक रुळाच्या वर, वजन घेणारं. एक बाजूनं, वळणावर डबा धरणारं. आणि एक रुळाच्या खालून. डबा उचलायला लागला की खालचं चाक त्याला धरून ठेवतं. रूळ तिन्ही बाजूंनी कवेत घेतलेला असतो, सुटायला वाटच नाही. हे म्हणतात, मुलाला पाइपचा तुकडा आणि तीन बेअरिंग द्या, तो स्वतः करून बघेल. आणि शॉपवर घेऊन या त्याला, एवढं नक्की सांगायला सांगितलंय.

---

उद्यमनगर_टर्नर

आणतो येत्या सुट्टीला. पोरगं आत्ताच बेअरिंग शोधायला लागलंय.

---

गगनबावड्याची_वाट

आमच्या लग्नाला एक वर्ष झालंय, आम्हाला अमेरिका जमणार नाही. जवळपास दोघांनी जाण्यासारखं काय आहे?

---

रंकाळ्यावरून

खोपोलीजवळ इमॅजिका ही राइडांची बाग आहे, २०१३ पासून. कोल्हापुरातून सकाळी लवकर निघालात तर पुण्यावरून एक्सप्रेसवेनं दुपारपर्यंत पोचाल, पण मग दिवस वाया जातो. आदल्या रात्री जाऊन तिथं किंवा लोणावळ्यात राहा. शाळेच्या सहली डिसेंबर-जानेवारीत येतात, त्या टाळून मधल्या वारी जा. वॉटर पार्कचं तिकीट वेगळं असतं. आम्ही दोघं गेलेलो, बायको कोस्टरला घाबरत होती, नंतर मलाच पुन्हा ओढून घेऊन गेली.

दुसरं म्हणजे हैदराबादचं रामोजी फिल्म सिटी. आपण कोल्हापूरचे, सिनेमा आपल्या घरचा. प्रभात कंपनी १९२९ मध्ये इथंच सुरू झाली आणि नंतर पुण्याला गेली. सेट कसे उभारतात, समोरून वाडा आणि मागून नुसते बांबू, हे बघायला मला सगळ्यात आवडलं. ताईंच्या डोळ्यांनी बघा, तिथंही खूप आहे.

---

सोनटक्का

रामोजीचं आमच्याही मनात आहे. गगनबावडा, मुलं व्हायच्या आधी एकदा दोघंच नक्की जा. कुठंही जा.

---

शाहूपुरी_तिसरी

ताई, आईबाबांना पाठवायचं मनात आहे. माझी बहीण अटलांटाला असते, ती त्यांना तिथं सोडेल. आईचे गुडघे दुखतात, बाबांना बीपी आहे. झेपेल का?

---

सोनटक्का

झेपेल, पण घाई करायची नाही. चालणं फार होतं. आत व्हीलचेअर भाड्यानं मिळते, बॅटरीवरची गाडीही मिळते. पण सकाळी लवकर जावं लागतं, गाड्या संपतात. आईंना दिवसभर गरज नसेल तरी घ्याच. रोपवेत व्हीलचेअर चढवायला वेगळा थांबलेला डबा असतो, पळत्या डब्यात चढावं लागत नाही.

बाबांना मिशन स्पेस नको. तिथं खोली गरगर फिरवून अंगावर दाब आणतात, बाहेरच बीपीचा इशारा लिहिलेला असतो. स्पेसशिप अर्थ, शेतीची होडी, मेक्सिकोची होडी ही तिन्ही दोघांनाही चालतील. सोरिनमध्ये पाय लोंबतात, उंचीची भीती नसेल तर बसू द्या. तिथं रांग मोठी असते. पैसे भरून लवकरची वेळ घेता येते, त्याला लायटनिंग लेन म्हणतात. बहिणीलाच मोबाईलवर करून द्यायला सांगा, आईबाबांना ते ॲप डोक्याला ताप होईल.

खाण्याला अडचण नाही. काउंटरवर शाकाहारी विचारलं की सांगतात, बर्फाचं पाणी मागितलं की फुकट देतात, बाटली विकत घेऊ नका. इथून भडंग, चिवडा, दशम्या द्या. ताजी फळं, बियाणं, मटणाचं काही बॅगेत नको, विमानतळावर काढून घेतात.

---

शाहूपुरी_तिसरी

आत्ता मोठ्यानं वाचून दाखवलं. आई म्हणतेय गाडीत बसणार नाही, लोक काय म्हणतील. बाबा विचारतायत, शेवटच्या दिवशी बॅगा घेऊन विमानतळावर जायला हॉटेलची गाडी असते का?

---

सोनटक्का

आईंना सांगा, तिथं माझ्या वयाच्या कितीतरी बायका त्या गाडीतून फिरत होत्या आणि कुणी वळूनही बघत नाही. मीही गुडघ्याला पट्टा बांधूनच हिंडत होते.

बाबांसाठी : पूर्वी हॉटेलपासून विमानतळापर्यंत मोफत बस होती, ती २०२२ पासून बंद झाली. आता पैसे भरून बस मिळते किंवा टॅक्सी. टॅक्सीला अर्धा-पाऊण तास लागतो, संध्याकाळी जास्तच धरा. परदेशी विमानाला तीन तास आधी पोचायचं, म्हणजे बागेतून त्याच्याही दोन तास आधी निघायचं, कारण हॉटेलवर येऊन बॅगा घ्यायच्या असतात. औषधं, पासपोर्ट आणि एक जोड कपडे जवळच्या पिशवीत ठेवा, ठेवलेल्या बॅगेत नकोत. आणि पावती बाबांच्या खिशात, आईंच्या पर्समध्ये नको, त्या दिवसभर पर्स उघडणार.

तारीख ठरली की कळवा. सोरिनची वेळ कशी घ्यायची ते बहिणीला मी फोनवर समजावून सांगते.